ट्रकचालकाचे आठ तास हा आपलाही प्रश्न आहे

आपल्या द्वारसभांत एक वाक्य वर्षानुवर्षे हमखास टाळ्या घेत आले आहे : "रेल्वेचा माल ट्रकने पळवला." मीही ते अनेकदा बोललो आहे. मालधक्क्यावर गुड्स क्लार्क म्हणून नोकरी काढलेल्या माणसाला ते खरे वाटते, कारण ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. ज्या धक्क्यावर आम्ही एकेकाळी गूळ, मिरची, कापडाच्या गाठी, सायकली, औषधांची खोकी अशा नाना तऱ्हेच्या मालाच्या रेल्वे पावत्या फाडल्या, तेथे शेवटी सिमेंट आणि खताच्या रेकशिवाय काही येईनासे झाले. बाकीचा माल भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून जाताना दिसे.

पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी घडलेला एक साधा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सिमेंटचा रेक लागला होता आणि पोती उचलायला ट्रक आले होते. एक चालक स्वतःच्या ट्रकच्या सावलीत चादर टाकून झोपला होता. भरणीसाठी हमालांनी त्याला उठवले, तेव्हा आपण कोणत्या गावी आहोत हेच त्याला क्षणभर कळेना. चहा पिताना त्याने सांगितले की तो दोन रात्री गाडीवर आहे. क्लीनर ठेवणे मालकाला परवडत नाही, म्हणून एकटाच. महिन्याचा पगार नाही, फेरीप्रमाणे पैसे. पोहोचायला उशीर झाला की त्यातून कपात. मी सहज म्हणालो, "आमचा माल तुम्ही लोकांनी नेला." तो हिंदीत म्हणाला, "बाबूजी, माल शेठचा, गाडी शेठची. माझी फक्त झोप जाते."

माझी ड्यूटी त्या दिवशी आठ तासांनी संपली. त्याची सुरू होत होती.

रेल्वे आणि ट्रक यांच्या स्पर्धेवर सरकारने नियंत्रण ठेवावे की नाही, हा वाद आपल्या देशात नव्वद वर्षांहून अधिक काळ चालू आहे. एक बाजू म्हणते, ट्रकला आवरा म्हणजे रेल्वे वाचेल. दुसरी म्हणते, सगळे मोकळे सोडा, बाजार पाहून घेईल. माझ्या मते या दोन्ही बाजूंनी कामगाराला आजवर हिशेबात धरलेले नाही. नियंत्रण हवेच, पण ते ट्रकच्या संख्येवर नव्हे. चालकाच्या तासांवर आणि ॲक्सलवरच्या भारावर हवे. आणि ही मागणी रेल्वे व टपाल कामगारांनी परक्याचा कैवार म्हणून नव्हे, तर स्वतःच्या हिताची म्हणून केली पाहिजे. असे का म्हणतो, ते पाहू.

परमिट कोणासाठी होते?

१९३० च्या आसपास जागतिक मंदी आली आणि रेल्वेचे उत्पन्न घसरले. त्याच सुमारास मोटारी आणि लॉऱ्या रेल्वेला समांतर रस्त्यांवर धावू लागल्या होत्या. सरकारने मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना, एक रस्त्यांचा तर दुसरा रेल्वेचा, या स्पर्धेची पाहणी करायला लावले. त्यांचा अहवाल आल्यावर १९३३ मध्ये सिमल्याला रेल्वे-रस्ते परिषद झाली. पुढे १९३६-३७ मध्ये सर राल्फ वेजवुड यांच्या समितीने रेल्वेची चौकशी केली. या सगळ्याचे फलित म्हणजे १९३९ चा मोटार वाहन कायदा. ट्रकला परमिट सक्तीचे झाले आणि लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीवर बंधने घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला.

हे रेल्वे कामगाराच्या प्रेमापोटी झाले नाही. सरकारचे भांडवल रेल्वेत गुंतले होते आणि त्यावरचे व्याज सुटायला हवे होते. त्याच मंदीच्या नावाखाली रेल्वेत हजारो कामगारांची कपात झाली, हे आपल्या संघटनांचा इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणजे रेल्वेला संरक्षण मिळाले, रेल्वे कामगाराला नाही.

त्या कायद्यात चालकाच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणारे कलमही होते. परंतु परमिट तपासायला नाक्यानाक्यावर माणसे उभी होती, तास तपासायला कोणी नव्हते. जे तपासले जाते त्याचाच बाजार होतो. परमिट ही विकण्याची, भाड्याने देण्याची, दुसऱ्याच्या नावाने वापरण्याची वस्तू झाली. ज्याच्याकडे परमिट तो घरी बसून कमाई करू लागला, आणि स्टिअरिंगवर बसणारा होता तेथेच राहिला.

स्वातंत्र्यानंतर वारे फिरू लागले. १९५९ मध्ये मिनू मसानी यांच्या समितीने रस्ते वाहतुकीवरची बंधने सैल करण्याची शिफारस केली. १९७५ मध्ये राष्ट्रीय परमिटाची योजना आली. अखेर १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. परमिटाचा अर्ज सामान्यतः नाकारू नये, असे त्यात लिहिले गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे मोकळे धोरण उचलून धरले.

परिणाम आपल्यासमोर आहे. १९५०-५१ मध्ये देशातल्या मालवाहतुकीचे दहापैकी जवळजवळ नऊ भाग रेल्वे वाहत होती. आज हे प्रमाण साधारण चारात एकावर आले आहे. हा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचा, असे राष्ट्रीय रेल्वे योजनेत म्हटले आहे.

येथे प्रामाणिकपणे एक कबुलीही दिली पाहिजे. सगळाच माल ट्रकने हिसकावून नेला नाही. काही आपल्या प्रशासनाने हातचा सोडून दिला. १९८० च्या दशकापासून फुटकळ माल आणि एकेका डब्याचे बुकिंग कमी करत नेऊन पूर्ण रेकच्या वाहतुकीवर भर दिला गेला. दहा पोती मिरची पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण दारातूनच परत पाठवले. शिवाय प्रवासी भाडे कमी ठेवण्याचा बोजा मालभाड्यावर टाकला गेला. स्वस्त प्रवास ही समाजाची गरज आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती समाजसेवा कोळसा, सिमेंट आणि धान्याच्या भाड्यातून वसूल केली, की रेल्वे महाग होते आणि ट्रकला आपोआप सवलत मिळते.

अमेरिकेचा धडा

"सगळे मोकळे सोडा" म्हणणारे नेहमी अमेरिकेचे उदाहरण देतात. तेव्हा तेथे नेमके काय झाले, हे आपणही नीट समजून घेतले पाहिजे.

रेल्वे कंपन्या मनमानी भाडे घेतात या शेतकऱ्यांच्या असंतोषातून तेथे १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला. एका बाजारपेठेला स्वस्त, दुसरीला महाग, मोठ्या गिऱ्हाइकाला गुपचूप सूट, असल्या प्रकारांना आळा घालणे हे त्याचे काम. १९३५ मध्ये ट्रकही याच आयोगाखाली आले. नवा ट्रक व्यवसाय सुरू करायला परवाना, भाड्याचे दर आयोगाकडे नोंदवणे, अशी रचना झाली. चालकाच्या तासांवर मर्यादा घालण्याचा अधिकारही आयोगाला मिळाला. शेतमालाची वाहतूक मात्र परवान्यातून वगळली गेली.

या चौकटीत टीमस्टर्स या चालकांच्या संघटनेने ताकद कमावली. १९६४ मध्ये देशभरच्या सुमारे चार लाख चालकांसाठी एकच वेतन करार झाला. मालकांना ठरावीक भाडे मिळत होते, म्हणून ते ठरावीक वेतन देऊ शकत होते. याची दुसरी बाजूही होती : रिकामे ट्रक परत आणण्याची सक्ती, वाकड्या मार्गाची परवाने-पत्रे, ग्राहकाला महाग पडणारी वाहतूक. हे दोष खोटे नव्हते.

इकडे १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांचे जाळे हाती घेतले आणि खर्चाचे ९० टक्के केंद्र सरकारने उचलले. रेल्वे कंपन्या मात्र स्वतःचा रूळ स्वतः सांभाळत होत्या. जून १९७० मध्ये पेन सेंट्रल ही प्रचंड रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्यासह इतर बुडीत कंपन्या एकत्र करून १९७६ मध्ये सरकारला कॉनरेल चालवावी लागली. त्यानंतर १९८० या एकाच वर्षी दोन कायदे झाले. जुलैमध्ये ट्रक मोकळे झाले, ऑक्टोबरमध्ये रेल्वे. १९९५ च्या अखेरीस तो जुना आयोगच बंद करण्यात आला.

रेल्वे कंपन्या सावरल्या, हे मान्य केले पाहिजे. मालभाडे उतरले, रूळ सुधारले, नफा झाला. पण कामगारांचे काय? १९८० मध्ये मोठ्या रेल्वे कंपन्यांत साडेचार लाखांच्या आसपास कामगार होते. २०२० नंतर ते सव्वा लाखाच्या आसपास राहिले. कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि २०२३ मध्ये मोठ्या अशा सहाच उरल्या. ज्या मक्तेदारीविरुद्ध १८८७ चा कायदा झाला, तीच मागल्या दाराने आली. उरलेल्या माणसांवर कामाचा ताण इतका वाढला की २०२२ मध्ये पगारी आजारी रजेसाठी संप होण्याची वेळ आली. काही संघटनांच्या सभासदांनी करार मतदानाने फेटाळला होता. तरी डिसेंबर २०२२ मध्ये तेथील संसदेने कायदा करून तोच करार लादला आणि संपाचा मार्ग बंद केला. भाडे ठरवण्यात सरकार नको, पण संप मोडायला सरकार हवे : मुक्त बाजाराचा हा अर्थ आपण नीट लक्षात ठेवावा.

आणि ट्रकचालक? स्पर्धा जिंकलेल्या बाजूच्या कामगाराला तरी काही मिळाले का? मायकेल बेल्झर हे अर्थशास्त्रज्ञ एकेकाळी स्वतः ट्रक चालवत. मोकळिकीनंतर चालकांचे खरे वेतन कसे घसरले आणि तास कसे वाढले, हे त्यांनी २००० साली पुस्तक लिहून दाखवले. लांब पल्ल्याच्या चालकाला तेथेही तासावर नव्हे, मैलावर पैसे मिळतात. माल चढवण्या-उतरवण्यासाठी रांगेत गेलेला वेळ बहुतेकदा त्याच्याच खिशातून जातो. २०२३ मध्ये येलो ही जुनी ट्रक कंपनी बुडाली तेव्हा सुमारे ३०,००० नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. त्यांतले बहुसंख्य संघटित कामगार होते.

टपालाच्या साथींसाठी यात वेगळा धडा आहे. अमेरिकेत धावत्या गाडीत टपाल छाटण्याची मोठी परंपरा होती. १९६७ मध्ये टपाल खात्याने बहुतेक गाड्यांवरचे हे काम काढून ट्रक आणि विमानांकडे दिले. टपालाचे उत्पन्न गेल्याबरोबर अनेक प्रवासी गाड्या तोट्यात जाऊन बंद पडल्या. धावत्या टपाल डब्याची शेवटची फेरी ३० जून १९७७ रोजी न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर संपली. एका खात्याने आपल्या सोईसाठी घेतलेल्या निर्णयात दुसऱ्या खात्याचे कामगार कसे भरडले जातात, हे आपल्याकडच्या आरएमएसच्या जुन्या साथींना सांगायला नको. त्यांनी आपले सेक्शन एकामागून एक बंद होताना पाहिले आहेत.

आज आपल्याकडे मोकळे कोण आहे?

आता आपल्या देशाकडे वळू. येथे सरकार मालवाहतुकीच्या स्पर्धेतून बाहेर पडले, असे म्हणतात. ते खरे नाही. रेल्वेचे भाडे सरकार ठरवते. कोणता माल आधी जाईल हे सरकार ठरवते. तोट्याची प्रवासी गाडी चालवायची की नाही, हेही सरकार ठरवते. ट्रकचे भाडे मात्र बाजार ठरवतो. आणि त्या बाजारात जो सर्वांत कमी भाडे सांगतो त्याला बिल्टी मिळते. ते कमी भाडे येते कोठून? डिझेल सर्वांना सारखे. टायर सर्वांना सारखे. टोल सर्वांना सारखा. मग कमी करायला दोनच गोष्टी उरतात : माल जास्त भरा, आणि माणूस जास्त वेळ चालवा.

पहिली गोष्ट भाराची. काही राज्यांत जादा भाराचे शुल्क आगाऊ भरून घेऊन गाड्या सोडण्याची पद्धत पडली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि जादा माल जागेवरच उतरवला पाहिजे, असे बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड ठेवला. पण त्याआधीच, जुलै २०१८ मध्ये, सरकारने मर्यादाच वाढवली होती. चार टायरच्या एका ॲक्सलवर १०.२ टनांऐवजी ११.५ टन भार कायदेशीर झाला. वाढ साधारण १३ टक्क्यांची, म्हणजे थोडी वाटते. परंतु १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर प्रत्यक्ष गाड्या चालवून मोठी चाचणी झाली. ॲक्सलवरचा भार वाढतो त्याच्या जवळपास चौथ्या घाताने रस्ता झिजतो, असा ठोकताळा त्यातून निघाला. त्या हिशेबाने १३ टक्के जादा भाराने दर फेरीला सुमारे ६० टक्के जादा झीज होते. ट्रकमालक टोल आणि डिझेलवरचा कर भरतो, हे खरे. पण खड्ड्यांचा खर्च त्याच्या बिल्टीवर लिहिलेला नसतो, तो करदात्याच्या नावावर पडतो. उलट आपल्या रुळाचा, सिग्नलचा, पुलाचा खर्च रेल्वेच्या हिशेबात पडतो. मग म्हणतात, रेल्वे महाग आहे!

आणि त्या स्पर्धेत टिकण्यासाठी रेल्वेने काय केले? २००५ पासून मालडब्यांत ठरलेल्या क्षमतेपेक्षा जादा टन भरायला परवानगी दिली. नफ्याचे कौतुक झाले. पण त्या भाराखालचा रूळ रात्री-अपरात्री तपासणाऱ्या ट्रॅकमनला विचारा, त्याच्या वाट्याला काय आले. रस्त्यावरचा जादा भार असा रुळावर उतरतो.

दुसरी गोष्ट तासांची, आणि तीच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हेच तास व्यवसायी वाहनांच्या चालकांना लागू केले. कागद पक्का आहे. पण १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकालाच लागू होता आणि आपल्याकडचे बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा सुरक्षा व आरोग्य विषयक संहितेत विलीन झाला. त्या संहितेत मोटार वाहतूक उपक्रमासाठी मर्यादा दहा कामगारांची आहे. म्हणजे जाळ्याची भोके बुजवायची सोडून ती दुप्पट मोठी केली गेली.

सरकारला चालक दिसत नाही असे नाही. २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांचे तास विमानाच्या पायलटांसारखे ठरले पाहिजेत, असे जाहीरपणे म्हटले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हेही चांगलेच झाले. पण थंड केबिनमध्ये माणूस सोळा तास बसला तर तो सोळा तासच बसतो. दुसरीकडे नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा कोठे १ जुलै २०२४ ला संहिता लागू होताना ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. झोपेने डोळा लागलेल्या माणसाला शिक्षा सांगायला कायदा तयार आहे. त्याची झोप कोणी घेतली, हे विचारायला तयार नाही.

यात आपले काय?

कोणी म्हणेल, हे सगळे खरे, पण ट्रकचालकांसाठी त्यांच्या संघटना आहेत. रेल्वे आणि टपालवाल्यांनी त्यात का पडावे?

साथींनो, आपले आठ तास आकाशातून पडलेले नाहीत. १९४६-४७ मध्ये न्या. राजाध्यक्ष यांच्यापुढे टपाल-तार खात्याचा आणि रेल्वेचाही वाद गेला. रेल्वेतल्या तासांच्या नियमांना त्या निवाड्यातून आकार आला. मे १९७४ च्या संपामागे लोको रनिंग कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीच्या तासांचा प्रश्न होता. त्या संपाची किंमत तुरुंगवास, बडतर्फी आणि सेवाखंडाने चुकवलेली माणसे आजही आपल्यात आहेत. हे तास टिकायचे असतील तर शेजारच्या रस्त्यावर सोळा तासांचा बाजार चालू देऊन ते टिकणार नाहीत. कारण जेव्हा जेव्हा प्रशासन पदे गोठवते, धक्क्यावरचे काम कंत्राटदाराला देते, रनिंग स्टाफला जादा तास थांबवते, तेव्हा तेव्हा एकच कारण पुढे केले जाते : "ट्रक स्वस्त आहे. आपल्याला स्पर्धेत टिकायचे आहे." ट्रकचालकाची उडालेली झोप अशा रीतीने आपल्या रोस्टरमध्ये येऊन बसते.

टपालाचेही तेच आहे. टपाल कार्यालय कायदा २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि १८९८ च्या कायद्याने दिलेला पत्रे वाहण्याचा अनन्य अधिकार संपला. आता पोस्टमनची तुलना कोणाशी होते? दर पार्सलमागे काही रुपये घेऊन दुचाकीवर ऊर फुटेस्तोवर धावणाऱ्या पोराशी. त्या पोराला किमान वेतन आणि ठरलेले तास नसतील, तर उद्या पोस्टमनचे वेतनच "महाग" ठरेल.

काही आक्षेप

पहिला आक्षेप : म्हणजे तुम्हाला परमिटराज परत हवे. मुळीच नाही. परमिटाने संख्या रोखली, शोषण रोखले नाही. ज्याला ट्रक घ्यायचा त्याने घ्यावा. पण चालक मात्र माणसाच्या तासांनी चालला पाहिजे.

दुसरा : मालाचे भाडे वाढेल, महागाई होईल. काही प्रमाणात वाढेल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आजचे स्वस्त भाडे खरोखर स्वस्त नाही. त्याची बाकी खड्डे, अपघात आणि चालकाच्या घरातली विधवा भरते. शिवाय खरा खर्च बिल्टीवर आला की लांब पल्ल्याचा माल आपोआप रुळाकडे वळेल, जेथे तो कमी इंधनात जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : एक-दोन गाड्यांचा मालक स्वतःच चालक असतो, कर्जाच्या हप्त्याखाली दबलेला असतो. नियम कडक केले तर तोच मरेल आणि मोठ्या कंपन्या उरतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच जबाबदारी त्याच्यावर नव्हे, माल पाठवणाऱ्यावर आणि वाहतूक ठेकेदारावर टाकली पाहिजे. अशक्य वेळेची डिलिव्हरी तेच ठरवतात.

चौथा : विखुरलेल्या धंद्यात नियम लागूच करता येत नाहीत. याला महाराष्ट्राने फार पूर्वी उत्तर दिले आहे. हमाल म्हणजे रोज वेगळा मालक, हजेरीपट नाही, ओळख नाही. तरी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार मंडळाकडे नोंदवायचा, मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. ज्या ट्रकमध्ये माथाडी कामगार पोती चढवतो, त्याच ट्रकच्या चालकाला हे का मिळू नये? महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या साथींनी हा कायदा मुद्दाम पाहावा.

काय मागायचे?

माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या शाखांनी पुढील मागण्या ठरावाने पुढे नेल्या पाहिजेत.

एक, मालवाहू ट्रकमध्ये चालवण्याचे तास आपोआप नोंदवणारे यंत्र सक्तीचे करावे. युरोपात अशी नोंद अनेक दशके होत आली आहे आणि अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक यंत्राने सक्तीची आहे. ही नोंद कामगार निरीक्षकाला आणि चालकाच्या संघटनेला पाहता आली पाहिजे, नाहीतर ती चालकालाच पकडायचे साधन होईल.

दोन, दहा कामगारांची अट काढून, पगारी चालक असलेल्या प्रत्येक ट्रकला तासांचा कायदा लागू करावा.

तीन, जादा भार आणि अशक्य वेळापत्रक यांची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर व ठेकेदारावरही टाकावी.

चार, माथाडी मंडळाच्या धर्तीवर चालकांचे मंडळ व्हावे आणि त्याचा निधी मालभाड्यावरच्या लेव्हीतून उभा राहावा.

पाच, स्वस्त प्रवासी भाड्याचा सामाजिक भार मालभाड्यातून न काढता सरकारी तिजोरीतून उघडपणे द्यावा, फुटकळ मालाचे बुकिंग पुन्हा वाढवावे, आणि त्यासाठी धक्क्यावरची रिकामी पदे भरावीत.

रेल्वे आणि ट्रक एकत्र कसे काम करू शकतात, हे कोकणात पाहायला मिळते. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाड आणि वेर्णा यांच्यामध्ये रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक चालकासह सपाट वॅगनवर चढतो आणि घाटाचा रस्ता टाळून रुळावरून जातो. रस्ता झिजत नाही, डिझेल जळत नाही, रेल्वेला भाडे मिळते आणि चालकाला मिळते झोप. माझ्या धक्क्यावरचा तो चालक अशा वॅगनवर असता, तर आपण कोणत्या गावी आहोत हे त्याला कोणी उठवल्यावर आठवावे लागले नसते.

म्हणून पुढच्या द्वारसभेत "ट्रकने माल पळवला" एवढे म्हणून थांबू नये. जवळच्या ट्रक टर्मिनसवर, धाब्यावर जावे, चालकांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांना आपल्या सभेला बोलवावे आणि आठ तासांचा ठराव त्यांच्यासह मांडावा. आपल्या आठ तासांचे राखण करायचे असेल, तर ते आता रस्त्यावरही करावे लागेल.